आमची माशी, त्यांची माशी

४ मार्च

आई गेली. म्हणजे भिंतीपलीकडे गेली. उशी, चष्म्याची डबी आणि रेडिओ घेऊन मधल्या दारातून धाकट्याकडे राहायला गेली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, इथे माश्या फार झाल्यात रे.

बारीक माश्या आहेत खऱ्या. सिंकपाशी, ओट्यावर, आणि आता तर ताटावरही. पण त्या आल्या कुठून, हा प्रश्न या घरात कोणालाच पडत नाही. बाकीच्यांचं काम नुसतं हात हलवायचं.

नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. घर वडिलांचं. ते गेल्यावर मध्ये भिंत घातली. डावी बाजू आमची, उजवी धाकट्या भावाची. भिंतीत एक दार ठेवलं, आईच्या हट्टाखातर. धाकटा सोफ्यांच्या गाद्या शिवतो. बोलतो कमी, कारण बोलण्यासारखं काही असावं लागतं. त्याची बायको, म्हणजे धाकटी, फळांच्या साली बरणीत घालून घरी व्हिनेगर करते. ओट्यावर फळांची टोपली बारा महिने उघडी. आता सांगा, माश्या कोणाच्या?

मी पेस्ट कंट्रोल कंपनीत आहे. आज नाही, बावीस वर्षं. स्टोअरला असलो म्हणून काय झालं, एकही पंप, नोझल, मास्क माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नाही. माश्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये.

निश्चय: आठवड्याभरात सिद्ध करायचं की माश्या त्यांच्या आहेत. मग आई आपोआप परत.

५ मार्च

बायको म्हणाली, ऑफिसातून काहीतरी आणा आणि मारा एकदाचं. तिला समजावून सांगितलं की उठलं की फवारा, ही अडाण्यांची पद्धत. आधी ओळख, मग उपाय. ती म्हणाली, ओळख होईपर्यंत काय, त्यांनाही ताट वाढू का?

हिचा विनोद माहेरचा आहे. तिकडे सगळेच असे.

६ मार्च. ऑफिस, दुपार

धंद्याचं मर्म असं की माशीची जात कळली की तिचं मूळ कळतं. क्लायंटकडे भिंतीला चिकट बोर्ड लावतात, त्यावर माश्या चिकटून मरतात, ते बोर्ड आमच्याकडे येतात. वरच्या मजल्यावर एक बाई बसतात. भिंगातून बोर्ड बघतात आणि माशी कुठली, कशात वाढली, ते सांगतात. ऑफिसात त्यांचा केवढा मान. मेलेली माशी ओळखायला कसली आली एम.एस्सी.? जिवंत ओळखून दाखवा म्हणावं.

भिंगवाली जेवतेही त्याच टेबलावर. एका हाताला डबा, दुसऱ्या हाताला माश्यांचे बोर्ड. मला हाक मारते "स्टोअर". नुसतं स्टोअर. पुढे "वाले" लावायचेही कष्ट नाहीत.

तिला विचारायची गरज नाही. माझ्या स्टोअरच्या भिंतीवर माश्यांचा तक्ता आहे. खालची माहिती फाटली आहे आणि मधोमध कपाचा गोल डाग पडलाय, पण चित्रं शाबूत आहेत. फळमाशी: डोळे लाल. बास. एवढं पुरतं.

७ मार्च

सापळा लावला. काचेच्या बरणीत पिकलेलं केळं, वर थोडं व्हिनेगर. बरणी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, जी त्यांच्या अंगणाकडे उघडते. तर्क सोपा आहे. माश्या त्यांच्याकडून येतात, तर त्याच वाटेने येताना सापडतील. चोर पकडायला चोराच्या वाटेवरच बसावं लागतं.

बायको म्हणाली, केळं खाण्यातलं होतं.

९ मार्च

बरणीत एकही माशी नाही. सिंकपाशी मात्र नेहमीसारखी वर्दळ. म्हणजे त्यांच्या माश्या सावध आहेत. कोणीतरी सावध केल्याशिवाय असं होत नाही.

भिंतीतून आईचा रेडिओ ऐकू येतो. आमच्याकडे असताना तिने तो कधी एवढ्या मोठ्याने लावला नाही. तिकडे सगळंच चालतं. धाकटी कोणालाच नाही म्हणत नाही. म्हातारी माणसं अशीच बिघडतात.

तब्येतीची चौकशी म्हणून मधल्या दारापर्यंत जाऊन आलो. आई खुर्चीत बसून मटार सोलत होती आणि धाकटीला काहीतरी सांगून हसत होती. मी जाताच म्हणाली, ये, बस. मी बसलो नाही. बघायचं ते उभ्यानेच बघून घेतलं. त्यांच्या स्वयंपाकघरात औषधालाही माशी नव्हती.

अर्थ उघड आहे. सगळ्या आमच्याकडे येतात. त्यांच्या पाहुण्यांसारखंच. पाहुणे त्यांचे, गाड्या आमच्या फाटकासमोर.

११ मार्च

धाकटा सकाळी दारात आला. म्हणाला, दादा, तुमच्या सिंकचा पाइप एकदा बघून घ्यायचा का?

हसू आलं. पाइप! वाटणीच्या वेळी त्यांच्या बाजूला वडिलांच्या वेळचा जुना पाइप राहिला, आणि आमच्यासाठी मी वेगळा टाकून घेतला. त्यांचं खरकटं पाणी आमच्या पाइपात नको आणि आमचं त्यांच्यात नको. भिंत घातली तर पुरती घालावी. प्लंबर भिंतीजवळचा जोड दुसऱ्या दिवसावर टाकून निघाला होता. म्हणे सिमेंट सुकू दे. असल्या लोकांच्या नादी लागलं की घर बांधून होत नाही. जोड मी स्वतः मारला, कंपनीच्या होज पाइपला लावतो त्या टेपने. होज फाटेल पण टेप सुटणार नाही. दुसऱ्या दिवशी प्लंबर येऊन नुसता बघत राहिला. असूया, दुसरं काय.

धाकट्याला म्हटलं, तू गाद्या बघ, पाइप मी बघतो. तो बरं म्हणाला आणि गेला. स्वाभिमान म्हणून काही नाहीच.

१४ मार्च, सकाळी

सापडल्या!

केळं काळं पडलं, वास सुटला, आणि बरणीत माश्या आल्या. भिंग नाही, म्हणून बायकोचा जवळचा चष्मा घेऊन नीट पाहिल्या. डोळे लाल. तक्त्यातल्यासारखे लालभडक.

मग तोच चष्मा घेऊन सिंकपाशी गेलो, आणि जे दिसलं ते या घरात आजवर कोणाच्याही लक्षात आलेलं नाही. सिंकवरची माशी वेगळी आहे. डोळे लाल नाहीत. रंग काळपट. पाठीला पोक. म्हणजे घरात माश्यांच्या दोन जाती आहेत. एक आमची, एक त्यांची.

बायकोने चष्मा परत मागितला. तिला वर्तमानपत्र वाचायचं होतं. कशाला काय महत्त्व द्यावं, हे शिकवून येत नाही.

१४ मार्च, संध्याकाळी

दिवसभर निरीक्षण केलं. तुलना लिहून ठेवतो. पुढे कंपनीच्या मासिकाला द्यायचा विचार आहे. तेवढ्यावर टेक्निकलला बदली व्हायला हरकत नाही.

त्यांची माशी: रंग पिवळट. चाल अशी नाहीच, हवेत नुसती लोंबकळते. केळ्यासमोर तरंगत राहते, गिऱ्हाईक येईल तर येईल म्हणून धाकटा दुकानात बसतो तशी. हाकललं तर थोडी बाजूला होते आणि परत तिथेच. लाज नाही. डोळे तर असे की रात्रभर कुठे होती विचारायची सोय नाही. सगळं लक्ष गोडावर.

आमची माशी: अंगाने बेताची. मान खाली. उडता येत असूनही उगाच उडत नाही, पायी जाते. आणि जाते ती लगबगीने, मध्येच थांबून विचार करते, पुन्हा निघते. पाठीचं पोक कष्टाचं. बरणीकडे ढुंकूनही पाहत नाही, फुकटच्या केळ्याचा मोह नाही. अशी माशी घरंदाज घरातच सापडते.

आईच्या ताटावर ज्या बसत त्या अर्थातच लाल डोळ्यांच्या असणार. तेव्हा पाहायचं राहून गेलं.

१५ मार्च

बायकोला तुलना वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मग म्हणाली, आठवडाभर केळं सडवल्यावर माश्या येणार नाहीत तर काय येईल? आणि त्या त्यांच्या कशा झाल्या, बरणी आपली, केळं आपलं?

इथे तर्कशास्त्र शिकवत बसायला मला वेळ नाही. ती केळं टाकायला निघाली होती. बरणीवर चिठ्ठी चिकटवली, "पुरावा, हात लावू नये", आणि फ्रिजवर ठेवली. तिथे त्यांची संख्या वाढते आहे. पुरावा जितका जास्त तितका बरा.

१८ मार्च. ऑफिस

अखेर भिंगवालीकडे जावं लागलं. माझं म्हणणं पक्कं आहे, पण धाकट्यासारख्या माणसाला मॅडमचं नाव सांगितल्याशिवाय पटत नाही. एका बाटलीत आमच्या सिंकवरच्या, दुसरीत बरणीतल्या. एकीवर "आ", दुसरीवर "त्यां".

एका क्लायंटच्या आहेत, असं सांगितलं. क्लायंट कोण, तिने विचारलं. गोपनीय आहे म्हटलं. ती म्हणाली, स्टोअरचे पण क्लायंट असतात? दोन्ही बाटल्या घेतल्या आणि डब्याशेजारी ठेवल्या. उद्या या.

डब्याशेजारी! दोन्ही एकत्र, लोणच्याच्या बाटलीला लागून. मी आभार मानले. पण नोंद केली.

१९ मार्च, दुपार

निकाल आला. भिंगवालीने जेवता जेवता सांगितला, मान वर न करता. म्हणाली, ही लाल डोळ्यांची फळमाशी. कुठेतरी फळ सडतंय, ते फेकून द्या, विषय संपला. ही दुसरी कुबडी. ही सिंकपाशी पळते का? मी म्हटलं, पळते, चांगली पळते. ती म्हणाली, मग क्लायंटला सांगा, फरशीखाली पाइप फुटलाय. घाण पाणी मातीत मुरतंय, त्या मातीत ही वाढते. फरशी फोडून पाइप बदलावा लागेल, फवारे मारून काही उपयोग नाही. आणि लवकर सांगा.

मग डब्यातली भाजी संपवायला लागली.

१९ मार्च, बसमध्ये

काहीतरी चुकतंय. कुठे माशी शिंकली ते शोधायला हवं.

जी माशी मान खाली घालून, पायी, कोणाच्या अध्यात ना मध्यात राहून जगते, ती गटारातली? आणि जी दिवसभर केळ्यापुढे झिंगते ती निर्मळ? कोणाही शहाण्या माणसाला हे पटणार नाही.

१९ मार्च, घरी आल्यावर

सापडलं. बाटल्यांची अदलाबदल झाली. डबा उघडताना, झाकण ठेवताना, लोणचं घेताना बाटल्या इकडच्या तिकडे. आणि चिठ्ठ्यांवर काय लिहिलंय ते बाईंनी वाचलंच नसणार, कारण स्टोअरने लिहिलेलं कोण वाचतो. म्हणजे गटारातली ती त्यांची, आणि निरुपद्रवी ती आमची. सगळं जागच्या जागी बसतं.

परत जाऊन विचारावं, असं क्षणभर वाटलं. पण चूक दाखवली की तरुण माणसं खचतात. तिची चूक मी मनातल्या मनात दुरुस्त केली. मोठेपणा यालाच म्हणतात.

२० मार्च

तक्ता गुंडाळून मधल्या दारातून पलीकडे गेलो. आई, धाकटा, धाकटी चहा घेत होते. भिंतीवर तक्ता धरला आणि रीतसर सांगितलं. लॅबचा रिपोर्ट आहे. आमच्याकडच्या माश्या साध्या, चार दिवसांत जातील. तुमच्याकडची जात गटारातली आहे. तुमच्या फरशीखाली पाइप फुटलाय. फरशी फोडावी लागेल.

धाकटी म्हणाली, पण भाऊजी, आमच्याकडे माश्याच नाहीत. तिला समजावलं की हेच लक्षण. त्या तुमच्याखाली वाढतात आणि आमच्याकडे वर येतात. ती तक्त्यावरच्या कपाच्या डागाकडे बघत राहिली.

धाकटा खाली फरशीकडे बघत होता. ही फरशी त्याने मागच्या वर्षी स्वतः बसवली, खरखरीत, आईचा पाय घसरू नये म्हणून. चार दुकानं हिंडून आणली होती. नसता उत्साह. म्हणाला, दादा, तू इतकी वर्षं त्या कंपनीत आहेस. तू म्हणतोस तर फोडतो.

त्याच्यात तेवढा एक गुण आहे, ऐकतो. स्वतःची अक्कल नसली की माणसाने निदान ऐकावं.

आईने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघत होती. अभिमान वाटला असावा.

२२ मार्च, सकाळी

पलीकडे घण पडतायत. आणि आई परत आली! उशी, चष्म्याची डबी, रेडिओ, सगळं घेऊन. तिकडे धूळ उडते, स्वयंपाक कुठे करणार.

मी बायकोला म्हटलं, बघ, म्हटलं होतं ना आठवड्याभरात. ती म्हणाली, आठवडा कधीच झाला. आणि भांडी जोरात ठेवली.

२२ मार्च, जेवणानंतर

बऱ्याच दिवसांनी आईबरोबर निवांत जेवलो. तिला सगळं सांगितलं. धाकट्याचा धंदा का बसला, प्लंबर लोक कसे असतात, मॅनेजरला साधा मसुदा कसा लिहिता येत नाही, भिंगवाली काय लायकीची आहे. धाकटी त्या व्हिनेगरच्या बरण्या कशाला करते हे तर मला आजवर कळलेलं नाही, तेही सांगितलं. आई ऐकत होती. अर्धंच जेवली. वयामुळे भूक कमी होते.

जेवणानंतर तिच्या दुधात माशी पडली. नीट बघितली. पोक होतं. म्हटलं, आई, घाबरू नकोस, ही आपली आहे, स्वच्छ आहे. तिने पेला बाजूला सरकवला.

२३ मार्च

पलीकडचा पाइप उघडा पडला. प्लंबर तोच, जुना, असूयेवाला. म्हणाला, हा ठणठणीत आहे, तुमच्या वडिलांनी काम चोख करून घेतलं होतं, माती पण कोरडी. धाकटा माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं, अजून खणा. भिंतीकडे खणा. अर्ध्यावर सोडायची सवय बरी नाही.

धाकटीने दुकानात गाद्यांच्या गठ्ठ्यांशेजारी स्टोव्ह मांडलाय. बायकोने त्यांच्यासाठी डबा भरून नेला, मला न विचारता. दोघी जावा तिथे बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. मी गेलो की भाजीपाल्यावर आल्या.

आईचा रेडिओ ऐकू येत नाही. सेल संपले असतील म्हणून नवे आणले. ती म्हणाली, सेल आहेत रे त्यात.

२४ मार्च, सकाळी

भिंतीकडे खणल्यावर ओली माती लागली. काळी, वास मारणारी. आणि तिच्यातून माश्या निघाल्या, नुसत्या उठल्या, पोक काढून सैरावैरा पळायला लागल्या. मला बोलावणं आलं. मी सगळ्यांना म्हटलं, घ्या, बघा, काय म्हणत होतो. बावीस वर्षं म्हणजे काही गंमत नाही.

धाकटा म्हणाला, हो दादा, बरोबर सांगितलंस.

२४ मार्च, रात्री

प्लंबरने खड्ड्यातून ओरडून माझ्या बायकोला सांगितलं, वहिनी, तुमच्या सिंकचा नळ सोडा. तिने सोडला. भिंतीखालून पाणी आलं. बंद करा. थांबलं. सोडा. आलं. एकदा कळल्यावर थांबायला हवं होतं, पण त्याला मजा येत होती. शेवटी आत हात घालून त्याने एक चिकट लगदा ओढून काढला. टेप. कंपनीचं नाव छापलेली. अक्षरं अजून वाचता येत होती, म्हणजे दर्जा चांगलाच आहे.

प्लंबर नळावर गेला. टेप धुतली आणि मधल्या दाराच्या कडीला वाळत घातली.

मी सांगितलं की जमीन खचते. एका बाजूने खणलं की दुसऱ्या बाजूच्या जोडावर ताण येतो. हे होऊ शकतं, हे घण पडल्यामुळेही झालं असेल. कोणी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं, माझ्याकडे आणखी मुद्दे होते.

धाकटा खड्ड्यात उतरला. म्हणाला, दादा, एका अर्थी बरंच झालं, इथून हात पोचतोय. तुमची फरशी फोडायला नको.

मग त्याने आणि प्लंबरने दिवसभर माझा पाइप त्याच्या स्वयंपाकघरातून बदलला. मी बॅटरी धरून उभा होतो. थोड्या वेळाने प्लंबर म्हणाला, तुम्ही उजेडात येताय. धाकटीने येऊन माझ्या हातातली बॅटरी घेतली.

२६ मार्च

सिंकवर एकही माशी नाही. सवय झाली होती, ओटा मोकळा वाटतो.

धाकट्याच्या फरशीला जोड मिळाली नाही. ती खरखरीत फरशी आता बनतच नाही, असं सगळी दुकानं म्हणतात. खड्ड्यावर त्याने साधं सिमेंट लावलं आणि ते ओलं असताना झाडूने ओरखडे काढले, घसरू नये म्हणून. स्वयंपाकघराच्या मधोमध ठिगळ दिसतं. आई त्यावरून चालून आली आणि म्हणाली, छान झालंय, आधीपेक्षा बरं.

आणि मग उशी घेतली, रेडिओ घेतला.

म्हटलं, आता का? माश्या गेल्या ना. ती फ्रिजकडे बघून म्हणाली, त्या आहेत अजून. बरणीभोवती त्यांचा ढगच झालाय, हे खरं आहे. आता पाइपवाल्या गेल्या आणि राहिल्या त्या मी सापळा लावून आणलेल्या. म्हटलं, आत्ता फेकतो.

आई दारात थांबली. चष्म्याची डबी हातात होती, ती उघडत-मिटत म्हणाली, माश्यांचं काय रे, हाकलल्या की जातात. मी माश्यांसाठी गेले नव्हते. तुझ्याबरोबर जेवायला बसलं की घासागणिक कोणाचं ना कोणाचं उणं ऐकावं लागतं. जेवण उतरत नाही मला. आता तोंडावर तसं कसं सांगायचं, म्हणून माश्यांवर ढकललं.

मग दार ओढून घेतलं. कडी लावली नाही. टेप अजून तिथेच लटकते आहे.

२७ मार्च. ऑफिस

सकाळी बायकोने बरणी नेऊन टाकली. चिठ्ठी काढून माझ्या डब्यावर चिकटवली होती. नाकावर माशी बसू देत नाही असा माणूस, आणि घरभर माश्या करून ठेवल्या, असं ती फोनवर बहिणीला सांगत होती.

भिंगवाली पहिल्यांदाच स्टोअरमध्ये आली. मास्क न्यायला. सही करताना म्हणाली, त्या क्लायंटने फोडली का फरशी? फोडली, म्हटलं. तिने विचारलं, बरोबर जागी?

मी मास्क मोजून दिले. दारापर्यंत जाऊन वळली आणि म्हणाली, स्टोअर, बाटल्यांवरचं अक्षर चांगलं होतं तुमचं. "आ" म्हणजे काय?

आतली खोली, असं सांगितलं.

हिच्याबद्दल लिहिण्यासारखं बरंच आहे. आज लिहीत नाही.

२८ मार्च, दुपारी

धाकट्याने जेवायला बोलावलंय, आम्हा दोघांना. नवीन सिमेंटवर पहिलं जेवण, असं म्हणाला. उगीच. सिमेंटचं कसलं आलंय कौतुक.

निश्चय: जेवताना कोणाच्याही विरुद्ध एक शब्द काढायचा नाही. धाकट्याच्या नाही, धाकटीच्या नाही, प्लंबर, मॅनेजर, भिंगवाली, कोणाच्याच नाही. आईला दाखवून द्यायचं. मनावर घेतलं तर मला अशक्य असं काही नाही. एका जेवणाचा तर प्रश्न आहे.

२८ मार्च, जेवून आल्यावर

निश्चय शंभर टक्के पाळला.

आईने मला तिच्या शेजारी बसवलं. धाकटा गाद्यांच्या कापसाबद्दल बोलला. धाकटी आणि ही दोघी हसत होत्या, व्हिनेगरवरून काहीतरी. प्लंबरची मुलगी पास झाली, तेही निघालं. मध्ये मध्ये सगळे थांबत, माझ्याकडे बघत. मी घास चावत होतो. आई म्हणाली, बोल ना रे काहीतरी.

ताटावर एकही माशी नव्हती. जेवण संपेपर्यंत मी विचार करत होतो, पण बोलायला दुसरं काही सुचलं नाही. मग आईने रेडिओ लावला.